‘कोण बघतंय?’ की ‘कशावरून?’

‘अगं, एवढं कोण बघतंय?’

हे वाक्य माझं आहे. रात्री साडेअकराला, डोळ्यावर झोप असताना, रूममेटवर वैतागून बोललेलं. तेव्हा ते मला अगदी बरोबर वाटलं होतं. आता वाटत नाही. का, ते सांगते.

माझी रूममेट विमानं बनवते. खेळण्यातली नव्हे, स्केल मॉडेल. खऱ्या विमानाच्या प्रत्येक मापाला ४८ ने किंवा ७२ ने भागायचं आणि जे उत्तर येईल त्या मापाचे प्लास्टिकचे सुटे भाग एका खोक्यात भरून येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. आमच्या पीजीच्या खोलीत एका टेबलावर माझा लॅपटॉप, असाइनमेंट्स आणि उष्टे कप; दुसऱ्या टेबलावर तिचे चिमटे, ब्रश आणि करंगळीएवढ्या रंगाच्या बाटल्या. माझा पसारा जास्त, हे मान्य.

यंदा तिनं मिग-२१ बिस घेतलं होतं, १:४८ मापाचं. तयार झाल्यावर साधारण फूटपट्टीएवढं लांब होतं. त्याचं कॉकपिट म्हणजे अंगठ्याच्या दोन पेरांएवढा भाग. त्यावर काच बसते, आत पायलटची सीट बसते, म्हणजे रंग दिसणार तो जेमतेम काठाकाठानं. आणि या एवढ्याशा भागाचा रंग ठरत नाही म्हणून बाईसाहेबांनी बारा दिवस काम थांबवून ठेवलं होतं! तेराव्या दिवशी ती रंगाच्या आणखी दोन बाटल्या मागवायला निघाली, तेव्हा मी वरचं वाक्य टाकलं.

ती शांतपणे म्हणाली, ‘बाबा बघणारेत.’

तिचे बाबा नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये होते. आधी मिग, मग सुखोई. नोकरीची बहुतेक वर्षं हँगरमध्ये गेलेली. आता ते निवृत्त होणार होते आणि हे मॉडेल ही त्यांची भेट होती. ‘मग त्यांनाच विचार ना,’ मी म्हटलं. ‘सरप्राइज आहे गं. आणि ते कामाचं घरी कधीच बोलत नाहीत,’ ती म्हणाली.

आता मी पत्रकारितेची विद्यार्थिनी. एखादी गोष्ट ‘शोधून काढायची’ म्हटली की आपल्याला स्फुरण चढतं. म्हटलं, चल, एका रंगाचं काय एवढं? अर्ध्या तासात सांगते तुला.

दोन आठवडे लागले.

चिंतामणी की मोरपंखी?

रशियन लढाऊ विमानांच्या कॉकपिटमध्ये एक खास रंग असतो, निळा आणि हिरवा यांच्या मधला, फिरोजी म्हणावा असा. मिग-२१ च्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये आहे, मिग-२९ मध्ये आहे, सुखोई-२७ मध्येही आहे. तासन्‌तास डायलकडे बघणाऱ्या पायलटच्या डोळ्यांना हा रंग कमी थकवतो म्हणून तो निवडला, असं सांगितलं जातं. माझ्या आईनं तो पाहिला तर सरळ म्हणेल, ‘चिंतामणी आहे.’ मावशी म्हणेल, ‘छे, मोरपंखीकडे झुकतोय.’ दोघी भांडतील. जगभरचे मॉडेल बनवणारे नेमकं हेच भांडण वर्षानुवर्षं करतायत.

आम्ही दोघींनी फोटो गोळा केले. एकाच प्रकारच्या विमानाचं कॉकपिट एका फोटोत आकाशी दिसतंय, दुसऱ्यात पोपटी, तिसऱ्यात राखाडी. खोक्यातल्या माहितीपत्रकावर एका कंपनीच्या बाटलीचा नंबर. तोच रंग म्हणून दुसरी कंपनी जी बाटली विकते ती शेजारी ठेवली तर दोन्हींत सरळ फरक. एका व्हिडिओ गेममध्ये आणखी तिसरंच.

यातली गंमत तुम्हाला मॅचिंग सेंटरमध्ये कळेल. साडीवर ब्लाउज पीस घ्यायला गेलेली कुठलीही बाई काय करते? दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवत नाही. ताग्याचं टोक धरून थेट दुकानाच्या पायरीवर, उन्हात जाते. कारण दोन कापडं ट्यूबखाली सारखी दिसतात आणि बाहेर पडलं की वेगळी. रंग वस्तूत असतो तितकाच त्याच्यावर पडणाऱ्या उजेडातही असतो. मोबाइलचा कॅमेरा तर त्यात स्वतःचं डोकं लावतो. पांढरं हे पांढरं दिसावं म्हणून तो सगळेच रंग थोडे सरकवतो. म्हणजे ज्या फोटोला मी ‘पुरावा’ समजत होते, त्यात निम्मं मत कॅमेऱ्याचं होतं!

मी पहिल्यांदा गप्प झाले ती इथे.

रंग म्हणजे कामाची गोष्ट

शोधता शोधता आणखी एक लक्षात आलं. विमानावरचे रंग शोभेसाठी नसतात. जवळपास प्रत्येक रंगामागे कोणाचं तरी काम सोपं करण्याचा विचार असतो.

मिग-२१ चा जुना, चकचकीत धातूचा फोटो आठवा. नाकातून पुढे आलेला शंकू तेवढा हिरवा. का? त्या शंकूच्या आत रडार आहे. रडारच्या लहरी धातूतून आरपार जात नाहीत, म्हणून तो शंकू धातूचा नाही आणि त्याच्यावरचा रंगही वेगळा. शेपटीच्या टोकाचा हिरवा तुकडाही त्याच कारणानं, आत अँटेना आहे. म्हणजे तो हिरवा रंग तुम्हाला न बोलता सांगतोय, इथे आत काहीतरी आहे.

अमेरिकेच्या अनेक जेट लढाऊ विमानांचे चाकांचे दांडे आणि ते आत जातात ते कप्पे पांढरे असतात. बाहेरून विमान राखाडी, मग आत पांढरं का? पांढऱ्यावर तेलाची गळती लगेच दिसते, बारीक तडा लगेच दिसतो. तो पांढरा रंग पायलटसाठी नाही, शत्रूसाठी तर नाहीच नाही. तो रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन खाली वाकलेल्या टेक्निशियनसाठी आहे.

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी विमानांच्या आतल्या भागात जो पिवळट हिरवा दिसतो, तो झिंक क्रोमेटचा. अॅल्युमिनियमला गंज लागू नये म्हणून लावलेला थर, मुळातच त्या रंगाचा. कॉकपिटमध्ये तो डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्यात काळा मिसळून गडद करायचे.

अमेरिकेनं तर या सगळ्याला नंबर दिले. फेडरल स्टँडर्ड ५९५ नावाचं शेड कार्डच होतं म्हणा. त्यातला ३६३७५ हा नंबर घ्या. पहिला ३ म्हणजे बिनचमकीचा, मॅट. दुसरा ६ म्हणजे राखाडी गट. उरलेले तीन आकडे साधारण उजळपणा सांगतात, आकडा मोठा तितका रंग फिका. हे समजलं की नंबर पाठ करावा लागत नाही, वाचता येतो. पण रशियन रंगांना हे नंबर मुळात नाहीतच. मॉडेलच्या दुनियेत जे नंबर सांगितले जातात ते ‘याच्या जवळचा’ या अर्थानं. आणि ‘जवळचा’ हा शब्द पुढे पुढे गळून पडतो. एकजण ‘साधारण असा’ म्हणतो, दुसरा ‘असा’ म्हणतो, तिसरा ‘असाच’ म्हणून भांडायला येतो. अफवा कशी पसरते यावर आम्हाला अख्खं सेमिस्टर शिकवलं होतं. तिचं इतकं स्वच्छ उदाहरण मला वर्गात मिळालं नव्हतं.

विमानसुद्धा खोटं बोलतं

मग मी म्हटलं, फोटो नको, नंबर नको, प्रत्यक्ष विमानच बघू. ते तर खोटं बोलणार नाही?

बोलतं. तुमच्या गावात, एखाद्या चौकात किंवा कॉलेजच्या आवारात निवृत्त विमान उभं असेल तर जवळ जाऊन बघा. उघड्यावर उभ्या विमानाला ऊन-पावसात टिकायला अधूनमधून नवा रंग द्यावाच लागतो. तो देणारा माणूस विमान टिकवण्याच्या विचारानं देतो. मूळ छटा जपणं हे त्याचं काम नसतं. त्यामुळे चौकातलं विमान आकाराचा उत्तम पुरावा आहे आणि रंगाचा कच्चा. गोव्यात वास्कोजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात गेलात तर तिथली समुद्राची हवा लक्षात ठेवूनच बाहेरच्या विमानांचे रंग बघा.

रंग न बदलताही विमान फसवतं. जपानचं झीरो हे महायुद्धातलं गाजलेलं लढाऊ विमान. युद्धाच्या सुरुवातीच्या काळात त्याचा रंग नुसता फिका राखाडी होता, की पिवळसर-हिरवट झाक असलेला राखाडी, यावर कितीतरी दशकं वाद झाला. विमानांचे खरे तुकडे हातात असूनही! कारण तुकड्यावरचा रंग जुना झाला की स्वतःच पिवळा पडतो. मग ती झाक कारखान्यातली की वयाची, हे ठरवायचं कसं?

आणि एवढं करून अगदी खरा रंग हातात आला, तरी तो मॉडेलवर जसाच्या तसा लावला की चुकीचा दिसतो. १:४८ चं मॉडेल तुम्ही एका फुटावरून बघता, तेव्हा हिशेबानं खरं विमान ४८ फुटांवरून बघत असता. लांबच्या डोंगराचा हिरवा जसा फिका आणि निळसर होतो, तसा लांबच्या वस्तूचा रंग डोळ्यापर्यंत येताना थोडा उडतो. म्हणून अनेकजण बाटलीतल्या रंगात थोडा पांढरा मिसळतात. मॉडेल जितकं छोटं तितका पांढरा जास्त. म्हणजे खरं दिसावं म्हणून खऱ्यापासून मुद्दाम थोडं सरकायचं. यावरही दोन तट आहेत, अर्थातच.

आपलं विमान, आपली नोंद

मला खरं टोचलं ते पुढे. मिग-२१ आपल्याकडे १९६३ मध्ये आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याला निरोप दिला गेला. बासष्ट वर्षं! त्यातली शेकडो विमानं ओझरला तयार झाली, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यात, द्राक्षांच्या मळ्यांशेजारी. १९७१ च्या युद्धात या चकचकीत विमानांवर घाईघाईनं हिरव्या-मातकट रंगांचे पट्टे आणि ठिपके मारले गेले. ते काम स्थानिक पातळीवर झालं, म्हणून स्क्वाड्रनप्रमाणे नमुने वेगळे. आणि त्या काळचे फोटो बहुतांश ब्लॅक अँड व्हाइट! राखाडीच्या दोन छटांवरून हिरवा कुठला आणि मातकट कुठला, हे कोण सांगणार?

सांगणारी माणसं आहेत. ज्यांनी स्वतःच्या हातानं ब्रश चालवला, डबा ढवळला, ती माणसं आज आजोबा आहेत. काही गेली. आम्ही दोघी एका भारतीय विमानाचा रंग शोधत होतो आणि आमच्या हाती लागणारी बहुतेक पुस्तकं, बहुतेक तक्ते परदेशी लोकांनी केलेले. त्यांच्याबद्दल आदरच वाटतो. आपल्या विमानाची आपल्यापेक्षा जास्त काळजी कुणीतरी चेक किंवा इंग्लिश माणसानं घेतलीये. पण नाशिकला, पुण्याला, नागपूरला हवाई दलातून किंवा कारखान्यातून निवृत्त झालेले कितीतरी काका संध्याकाळी बागेत चालायला येतात, आणि त्यांना कोणीच काही विचारत नाही.

इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात माझ्या कॉपीवर एक शब्द लाल पेननं लिहून आला होता : ‘कशावरून?’ मी लिहिलं होतं, ‘शहरातलं सर्वांत जुनं...’ आणि त्याला आधार काहीच नव्हता. तेव्हाही माझ्या मनात पहिला विचार हाच आला होता, एवढं कोण बघतंय? चार ओळींची बातमी, आतलं पान. म्हणजे तेरा रात्री मी ज्या मुलीला वेड्यात काढत होते, ती त्या लाल शब्दाचं पालन करत होती आणि मी, पत्रकार होऊ बघणारी, त्यापासून पळत होते.

पण मग पोलिसगिरी करायची का?

अजिबात नाही. या छंदात एक जमात आहे. दुसऱ्याचं मॉडेल दिसलं की अभिनंदन करायच्या आधी ‘राखाडी चुकलाय’ म्हणणारी. पहिल्यांदाच विमान जोडलेल्या नववीतल्या पोराला असं कोणी म्हटलं की ते पोरगं पुन्हा हात लावत नाही. आणि पैशांचं काय? परदेशी रंगांच्या बाटल्या महाग पडतात. माझ्या रूममेटनंही शेवटी काही रंग कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातल्या साध्या अॅक्रेलिकमधून मिसळून केले. निळा, हिरवा, पांढरा, ब्रशच्या टोकानं किंचित पिवळा. कागदावर नमुने काढले, वाळू दिले (ओला आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो, हेही मला तेव्हाच कळलं), आणि मॅचिंग सेंटरच्या पायरीसारखं गच्चीवर नेऊन सकाळच्या उन्हात बघितले.

माझं म्हणणं एवढंच आहे. रंग चुकला तर आभाळ कोसळत नाही. अंदाज करणं हा गुन्हा नाही. अंदाजाला माहिती म्हणून खपवणं हा आहे. ‘मला आवडला म्हणून लावला’ हे उत्तम उत्तर आहे. ‘तीन फोटो बघून अंदाज केला’ हेही उत्तम उत्तर आहे. ‘असाच असतो’ हे उत्तर द्यायचं असेल तर मात्र ‘कशावरून?’ला तयार राहा.

रूममेटनं यावर जो मार्ग काढला तो मला फार आवडला. मॉडेलच्या लाकडी पाटाखाली तिनं एक चिठ्ठी चिकटवली. त्यावर दोन रकाने : ‘माहीत आहे’ आणि ‘अंदाज’. नाकाचा शंकू हिरवा – माहीत आहे. कॉकपिट फिरोजी – माहीत आहे. नेमकी छटा – अंदाज. चाकांच्या तबकड्यांचा हिरवा – अंदाज. आणि असंच पुढे.

दिवाळीत ती मॉडेल घेऊन घरी गेली, मीही सोबत होते. काकांनी ते हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘कुठलं आहे हे?’

‘मिग-२१ बिस, बाबा.’

‘ते दिसतंय गं. त्यातलं कुठलं?’

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मग जो माणूस कामाचं घरी कधी बोलत नाही, तो पाऊण तास बोलला. दोन विमानं कधीच सारखी नसायची. उन्हात उभं राहिलेलं वेगळं, नुकतं रंगवून निघालेलं वेगळं. दुरुस्तीत एखादा पत्रा बदलला की तेवढाच चौकोन गडद. बुटांनी घासून कॉकपिटचा काठ उघडा पडलेला. ‘तुम्ही मिगचा रंग शोधत बसलात,’ ते म्हणाले, ‘असा रंग नसतो. अमुक नंबरच्या विमानाचा, अमुक वर्षीचा रंग असतो.’

दोन आठवडे आम्ही चुकीचा प्रश्न विचारत होतो आणि बरोबर प्रश्न घरातच होता.

त्यांनी पाट उलटा केला, चिठ्ठी वाचली. खिशातलं पेन काढलं. चाकांच्या हिरव्यापुढचा ‘अंदाज’ हा शब्द खोडून लिहिलं, ‘बरोबर’. कॉकपिटच्या छटेपुढचा ‘अंदाज’ मात्र त्यांनी तसाच ठेवला. ‘मलाही आता नक्की आठवत नाही,’ ते म्हणाले. इतकी वर्षं ज्यांनी ते रोज पाहिलं, त्या माणसानं ‘आठवत नाही’ असं सरळ सांगितलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

तुमच्यापैकी बहुतेकजण विमानं बनवत नसतील. पण तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत कोणीतरी असेल; गिरणीत, रेल्वेत, एसटीत, गोदीत, प्रेसमध्ये आयुष्य गेलेलं. जुन्या यंत्राचा रंग, आवाज, वास त्यांच्या डोक्यात आहे आणि दुसरीकडे कुठेच नाही. या सुट्टीत तासभर त्यांच्याजवळ बसा. वही घ्या, दोन रकाने आखा. जे त्यांना पक्कं आठवतं ते एका बाजूला, जे अंधुक आहे ते दुसऱ्या बाजूला. तारीख घाला. नोकरीत असलेल्या माणसाला नाजूक गोष्टी विचारू नका आणि लष्करी तळाबाहेर मोबाइल काढून उभे राहू नका, तेवढं भान ठेवा.

आणि शेजारी कोणी ‘एवढं कोण बघतंय?’ म्हणालंच, तर रागावू नका. मीही तेच म्हणाले होते.

फक्त वही बंद करू नका.